लिंबावरचा मेव्हणा

भोंग्याचं तोंड कुणीकडं करायचं, एवढाच आमचा धंदा. बाकी तारा जोडणं आणि बॅटरीत पाणी घालणं कुणालाही जमतं. तोंड चुकलं की अर्ध्या गावाला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं गाव कानावर हात ठेवून बसतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी घरी माणूस पाठवला, ‘आप्पा, तुमचे अनुभव लिहा’ म्हणून. मी तिसरीतून शाळा सोडली. वाचता येतं, लिहिताना हात अडतो. दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं तर लिहिणारा मधेच स्वतःचं घुसडतो, ते मला चालत नाही. म्हणून स्वतः बसून लिहिलंय. संपादकांना बजावलंय, शुद्धलेखन सुधारा, वाक्याला हात लावू नका. लावला तर मला कळेल.

माझं नाव महारुद्र. माजलगावात भोंगेवाले आप्पा म्हणतात. वडलांचं धान्याच्या मोंढ्याजवळ किराणा दुकान होतं. घरातले सगळे तागडी धरून खाली बसणारे, मी एकटा खांबावर चढणारा निघालो. वडील मरेपर्यंत म्हणायचे, ‘लिंगायताच्या पोटी माकड आलं.’ म्हणू दिलं.

धंदा शिकवला तो रहीमचाचांनी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माईक म्हणजे कान, मशीन म्हणजे छाती आणि भोंगा म्हणजे तोंड. मशीन म्हणजे ज्याला शिकलेले लोक अॅम्प्लिफायर म्हणतात ते. भोंग्यानं माईककडं बघितलं की शिट्टी वाजते, कारण स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानात शिरायला लागतं. माणसाचंही तसंच होतं, पण ते असो.

चाचांचे दोन नियम होते. बैठक बसलेली असताना मशीन बंद करायचं नाही, हा एक. मशीन चालू असलं की मागं बारीक घूं असा आवाज असतो. तो थांबला की लोकांना वाटतं संपलं, आणि एक उठला की सगळे उठतात. दुसरा नियम, गावात गेल्यावर पहिला भोंगा बांधायचा तो गावच्या देवाकडं तोंड करून. चाचा म्हणायचे, ‘जिसका गाँव, उसकू पैले सुनाना. पब्लिक बाद में.’ मारुती असंल तर मारुतीकडं, दर्गा असंल तर दर्ग्याकडं. ते स्वतः पाच वेळा नमाज पढणारे, पण मारुतीचा भोंगा वाकडा दिसला की माझ्या डोक्यात टपली. मी दोन्ही नियम पाळले. का पाळले, हे मला विचारू नका. ज्याच्याकडून शिकलो त्याचं पाळायचं असतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका लग्नात नवरदेवाच्या बापानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “आप्पा, त्यो समोरचा माडीचा वाडा दिसतो का? माझा चुलतभाऊ हाय. लग्नाला येत न्हाई म्हणला. एक भोंगा त्याच्या खिडकीकडं करा. कुणी काय आहेर आणला, समदं त्याला ऐकू गेलं पायजे.” मी केला. आमचं काम ते. दिवसभर आहेर पुकारले गेले, टोपी, टॉवेल, पातळ, भांडं. संध्याकाळी तारा गुंडाळत होतो तर चुलतभाऊ स्वतः आला. मला वाटलं आता भांडतोय. तर म्हणाला, “आवाज लई साफ हाय तुमचा. वैशाखात माझ्या पोरीचं लग्न हाय, तुमीच या. भोंगा तेवढा उलटा लावायचा.” वैशाखात तोच भोंगा, तीच तार, फक्त तोंड फिरवलं.

पुढाऱ्यांची सभा सगळ्यात सोपी. मैदान मोठं असलं आणि लांबच्या भोंग्याचं तोंड आत असलं की माणसाचं बोलणं लांबून फिरून परत येतं. पुढाऱ्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. आपलंच वाक्य दुसऱ्यांदा ऐकून त्यांना बरं वाटायचं. त्याची तक्रार आयुष्यात एकाच माणसानं केली, आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

दत्तू ढेकळे. सगळा मुलूख त्यांना दत्तूमामा म्हणायचा. रेडिओवर त्यांचा आवाज आला की आमच्याकडं चहाच्या हॉटेलात कपबशीचा आवाज बंद व्हायचा. नंतर नाटकं केली, पिक्चरमध्ये हवालदार, आचारी असली कामं केली. दिसायला काही नव्हते. तहसिलीत सातबाऱ्यासाठी चकरा मारणारा माणूस दिसतो, तसे. बारके, कान मोठे, चालताना एक खांदा खाली. बायाबापड्यांना ते आपल्यातलेच वाटायचे. माझी बायको तर त्यांचं नाव निघालं की आधी हसायची आणि मग विचारायची, काय म्हणले?

मी त्यांना भेटलो तेव्हा घराघरात केबल शिरली होती. रंगीत टीव्ही हप्त्यावर मिळायला लागला होता. माजलगावात एका बोळात इतक्या तारा लोंबायच्या की मला माझी तार ओढायला जागा सापडायची नाही. त्याच सुमाराला शहरात भोंग्यांच्या जागी पेट्या आल्या. पेट्या म्हणजे कपाटाएवढे स्पीकर. छातीत धडधड करतात. आवाज मोठा, पण शब्द कळत नाही. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तलवाड्याची जत्रा आमच्या चाचांच्या वेळेपासून आमच्याकडं. त्या वर्षी जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. मोठे बागाईतदार, पांढरं स्वच्छ धोतर, बोलणं गोड आणि मन बीडच्या पेट्यांवर बसलेलं. त्यांनी दत्तूमामांचं नाटक आणलं. नाटक दिवसा, उन्हं कलली की सुरू, असं ठरलं. कारण दसरा झाला होता, ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रक मैदानाच्या टोकाला येऊन उभे राहिले होते आणि संध्याकाळी सुटणार होते. अर्ध्या गावाचं बिऱ्हाड ट्रकवर चढलं होतं. रात्री नाटक ठेवलं असतं तर बघायला म्हातारी माणसं आणि कमिटी एवढेच उरले असते.

मैदान असं होतं. एका टोकाला स्टेज, स्टेजच्या पाठीमागं मारुतीचं देऊळ. स्टेजसमोर मांडव. मांडवाच्या पुढं मोकळी जागा, तिथं ट्रक. ट्रकांच्या पलीकडं रस्त्याच्या कडेला एक जुना कडुलिंब. स्टेजपासून लिंबापर्यंत गोफणीचा दगड जेमतेम पोचेल एवढं अंतर. मी पहिला भोंगा त्या लिंबावर बांधला. तोंड मारुतीकडं, म्हणजे ट्रकांवरून, मांडवावरून सरळ स्टेजकडं. देवाचंही झालं आणि ट्रकवाल्यांचंही झालं. वाऱ्यानं तिथला तारेचा जोड सारखा सुटत होता, म्हणून माझा मेव्हणा किसन याला फांदीवर बसवला, जोड धरून. किसन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. झाडावर बसायला त्याला आवडायचं, कारण तिथं दुसरं काम सांगता येत नाही.

दुपारी मी मशीनजवळ बसलो होतो. एक माणूस चहाचा ग्लास हातात घेऊन स्टेजवर आला. पायजमा, साधा सदरा. मला वाटलं नाटकाचं सामान लावणारा असंल. तो मधोमध उभा राहिला आणि माईकला न बघता नुसतं “हं” म्हणाला.

लिंबावरून “हं” परत आलं.

तो पुन्हा म्हणाला, “हं.” पुन्हा आलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, “काय हो, ह्या मैदानात माझ्याआधी कुणी बोलतंय का?”

“आधी न्हाई,” मी म्हणालो, “तुमच्यानंतर बोलतंय.” आणि आवाजावरून एकदम ओळखलं. उठून नमस्कार केला. त्यांनी ग्लास वर करून घेतला.

“तो तिकडचा भोंगा बंद करा.”

“मामा, त्यो बंद व्हायचा न्हाई.”

“मग तोंड फिरवा.”

“फिरायचा बी न्हाई.”

ते स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आले. मी त्यांना चाचांचा नियम सांगितला. मारुती दाखवला. त्यांनी देवळाकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं आणि विचारलं, “मारुतीला विनोद कळतो?”

“ते मला कसं ठावं? आपलं काम ऐकू घालायचं. हसायचं का न्हाई ते त्येचं त्यो बघंल.”

ते हसले नाहीत. विनोदी माणसं दुसऱ्याच्या बोलण्यावर सहसा हसत नाहीत, मनात ठेवून घेतात, हे मला नंतर कळलं. माझ्या पेटाऱ्यावर बसले आणि त्यांनी मला त्यांचा धंदा सांगितला. माझ्या धंद्याइतकाच सोपा होता.

“आप्पा, लोकांना वाटतं मी काहीतरी बोलतो आणि ते हसतात. तसं नाही. मी बोलतो, मग गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात ते हसतात. थोडं कमी बसलो तर हसू गिळतात, जास्त बसलो तर खोकतात. सगळी कमाई त्या गप्प बसण्यात आहे. आणि तुमचा भोंगा नेमका तिथंच बोलतो.”

एवढ्यात बाबासाहेब आले. ऐकून म्हणाले, “आप्पा, काढा की तेवढा. एवढा मोठा माणूस सांगतोय.”

“मोठा माणूस हायच की. नियम बी मोठाच हाय.”

“मग असं करू,” बाबासाहेब गोड आवाजात म्हणाले, “आज नाटक पडलं तर पुढल्या वर्षी बीडच्या पेट्या. मग तुमी आन तुमचा नियम माजलगावात.”

मी म्हणालो, “चालंल.” तोंडानं म्हणालो. चाचांचं मैदान जाणार, हे कळलं होतं. तरी हात भोंग्याकडं गेला नाही. मांडव आणि लिंबाच्या मधे बांबू रोवून भोंगा बाहेर तोंड करून लावता आला असता, असं कुणी म्हणेल. तिथून ट्रक मागंपुढं होत होते, तार चाकाखाली गेली असती. आणि मारुती राहिलाच असता. तेव्हा ते बोलणं सोडा.

दत्तूमामा उठले. “थांबा बाबासाहेब. मी आधी तिकडं जाऊन येतो.” आणि एक खांदा खाली टाकून मैदान ओलांडून ट्रकांकडं निघाले. मी मागं गेलो. आपल्या भोंग्याबद्दल माघारी काय बोललं जातंय ते ऐकावं म्हणून.

पहिल्याच ट्रकवर बाजली, भांडी, ज्वारीची पोती, एक शेळी आणि या सगळ्यावर एक बाई बसली होती. तिनं खाली बघून विचारलं, “काय पायजे वो?”

“काही नाही. नाटक बघणार का?”

“बघायला कुठलं दिसतंय इथून? ऐकनार.”

“तिकडं मांडवात खुर्च्या आहेत की. तिकडं बसा.”

“तिकडं कावून? शेळी कोन धरील? आन डायवरनं हारन वाजवला की टरक सुटतो. मागं राह्यले तर पायी जाऊ का कारखान्यावर?” मग जरा निरखून म्हणाली, “तुमचा आवाज त्या रेडूवरल्या दत्तूमामावानी हाय.”

“सगळे म्हणतात.”

“पर त्याचा लई खणखणीत हाय. तुमचा बारीक हाय.”

मामांनी मान डोलवली. मग तिला म्हणाले, “मी तिकडून बोललो तर इथं ऐकू येईल?”

“त्या लिंबावरनं येतंय की. सकाळधरनं समदं येतंय. कुणाचं पाकीट हरवलं ते बी आलं.”

वर फांदीवरून किसन ओरडला, “दाजी, ह्ये कोन हाय?” मी त्याला गप बस म्हणून हात केला.

मामा परत फिरले. मांडवाजवळ आल्यावर बाबासाहेबांना म्हणाले, “राहू द्या तो भोंगा.” आणि माझ्याकडं वळून, जरा हळू, “आप्पा, मागच्या दोन गावांत लोक मधेच उठून गेले. घरी रोज हसायला मिळतं आता, कोण बसतंय. आज तिसऱ्यांदा उठले तर मी दौरा इथंच मोडणार आहे. पडलो तर तुमच्या नावानं पडेन.”

“पडा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उन्हं कलली. मांडव भरला. नाटक सुरू झालं आणि पहिली काही मिनिटं नाटक मरत होतं. मी मशीनजवळ बसून डोळ्यांनी बघत होतो. मामा बोलायचे, थांबायचे, आणि थांबले की लिंब बोलायचा. पुढच्या ओळीतलं हसू उठायच्या आत बसायचं. मागच्या खुर्च्यांवरचा एक जण उठला आणि धोतर झटकून निघाला. बाबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझा हात मशीनच्या बटनाजवळ होता. लिंबाची तार वेगळी होती, ओढली असती तर काम झालं असतं. मी ओढली नाही. चाचा मेलेले होते, मारुती दगडाचा होता, तरी ओढली नाही.

नाटकात मामा घरी आलेल्या नवऱ्याचं काम करत होते. दारातून आत येऊन त्यांनी हाक मारली, “कोण आहे घरात?”

लिंबावरून आलं, “...आहे घरात?”

ते थांबले. यावेळी नाटकातलं थांबणं नव्हतं. त्यांनी मान वळवून लांब बघितलं, कपाळावर हात धरून. सगळा मांडव गप्प झाला. ते बोलले, “कोण बे तिकडं?”

“...बे तिकडं?”

“अरे, मी विचारतोय!”

“...विचारतोय!”

मांडवात खसखस पिकली. मामा चिडल्यासारखे झाले. बायकोचं काम करणारी बाई आत उभी होती, तिला बाहेर बोलावलं आणि लिंबाकडं बोट करून विचारलं, “का गं, तुझा भाऊ झाडावर बसून काय करतोय?”

सगळा मांडव मागं वळला. आणि लिंबाच्या फांदीवर किसन खरोखर बसलेला. पाय सोडून, हातात तार. माझा सख्खा मेव्हणा. एवढे लोक आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर त्याला काय करावं सुचेना. त्यानं मोकळा हात वर केला आणि रामराम घातला.

असं हसणं मी आमच्या धंद्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. माईकमधून ते मशीनमध्ये शिरलं आणि भोंग्यांतून पुन्हा बाहेर पडलं. निघालेला धोतरवाला उभ्या जागी खाली बसला. मांडव थोडा शांत झाला तेव्हा ट्रकवरच्या माणसांचं हसू लांबून उशिरानं येऊन पोचलं. मामांनी कानामागं हात धरून ते सगळं ऐकून घेतलं, संपेपर्यंत थांबले, मान हलवली आणि म्हणाले, “हां. माहेरची मंडळी हसली. आता पुढं.”

मग सगळं नाटक तसंच झालं. जिथं ते गप्प बसायचे तिथं आता मेव्हणा बोलायचा, आणि मेव्हण्याला काय उत्तर द्यायचं ते मामा बोलायच्या आधी लोकांना कळायचं. बायकोला रागावायचे आणि लगेच लिंबाकडं बघून आवाज खाली आणायचे. एवढ्यावरही लोक हसायचे. शेवटी ट्रकचे हॉर्न वाजायला लागले. मामांनी नाटक थांबवून हात जोडले आणि म्हणाले, “माहेरची माणसं निघाली. सांभाळून जा.” ट्रकवरच्या त्या बाईनं हात केला की नाही, लांबून दिसलं नाही.

बाबासाहेबांनी मला मानाचा नारळ दिला.

मला वाटलं, झालं ते त्या दिवसापुरतं. पुढल्या हंगामात नांदूरघाटहून निरोप आला. दत्तूमामांचा प्रयोग आहे, त्यांना तलवाड्याचा भोंगेवाला पाहिजे, मेव्हण्यासकट. मला कळेना. तिथं गेल्यावर समजलं की मामा आता गावोगाव एक भोंगा लांब लावून मागत होते. पण कुणी तो जवळ लावायचं, कुणी दोन लावायचं, नुसता कालवा व्हायचा.

नांदूरघाटला लिंब नव्हता, पाण्याची टाकी होती. किसन नवा शर्ट घालून आला होता आणि टाकीवर चढायच्या आधी त्यानं केस विंचरले. मामा स्टेजवर उभे राहून “हं” म्हणायचे, कान देऊन ऐकायचे.

“लवकर येतंय. जरा लांब न्या.”

मी किसनला हातानं खूण केली. वरून तो ओरडला, “आवं दाजी, टाकी हालत न्हाई!”

तेव्हा मामा हसले. पहिल्यांदा आणि मोकळं. मग स्वतःच मागं मागं सरकत स्टेजच्या पार पडद्यापर्यंत गेले, मला माईकही तिथपर्यंत मागं घ्यायला लावला, आणि बराच वेळ आम्ही दोघं “हं” आणि “आलं” एवढंच बोलत होतो. आयुष्यात माझं काम कुणी इतकं कान देऊन ऐकलं नाही.

नंतर चहा पिताना मी विचारलं, “मामा, मग तुमची ती गप बसायची जागा? ती तर ह्या भोंग्यानं खाल्ली.”

“खाल्लीच. पण आता लोकांनाच गप्प बसणं सोसत नाही, आप्पा. घरातला टीव्ही कधी गप्प बसतो का? तुमचा भोंगा बरा. माझंच मला परत देतो.” मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, “एक काम कराल? आज एकदाच, मी खूण केली की मशीन पूर्ण बंद करा. ती मागं घूं चालू असते ना, तीसुद्धा नको. बघू, अजून जमतंय का.”

“न्हाई जमायचं.”

“तुमच्या चाचांचा नियम?”

“व्हय. बैठक बसली की मशीन बंद न्हाई. लोक उठून जात्यात.”

“बंद करून बघितलंय कधी?”

“न्हाई.”

“बरं,” ते म्हणाले. पुन्हा तो विषय काढला नाही. प्रयोग चांगला झाला. जाताना त्यांनी किसनशी हात मिळवला आणि त्याला मेव्हणे म्हणाले. किसन अजून ते सांगतो. प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगतो.

तलवाड्याचं मैदान त्यानंतर गेलंच. पेट्या आल्या. त्यात मामांचा दोष नाही आणि माझाही नाही. पोरांना छातीत धडधड पाहिजे होती.

मामा गेल्याची बातमी हिवाळ्यात टीव्हीवर सांगितली. मी जेवत होतो. बायकोनं ऐकलं, यावेळी ती आधी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तलवाड्याहून बाबासाहेबांचा माणूस आला. शोकसभा ठेवली होती, त्याच मैदानात. पेट्यावाला लग्नात अडकला होता म्हणून मला बोलावलं, असं त्या माणसानं स्वतःच सांगून टाकलं. मी गेलो.

मांडव नव्हता. एक टेबल, हार घातलेला फोटो आणि सतरंज्या. मैदानाच्या टोकाला ट्रक नव्हते. हंगाम चालू होता, ती सगळी माणसं कारखान्यांवर होती. मी सवयीनं पहिला भोंगा लिंबावर बांधला, मारुतीकडं तोंड करून. बाबासाहेब म्हणाले, “आप्पा, तिकडं कोन हाय ऐकायला?” मी तारेचा जोड आवळला. किसनही कुणी न सांगता फांदीवर जाऊन बसला. आता तो जरा जड झाला होता, चढायला वेळ लागला.

भाषणं झाली. ज्यांनी मामांना कधी बघितलं नव्हतं त्यांनीही केली. मग बाबासाहेब माईकसमोर आले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू म्हणाले. सगळे उठून उभे राहिले.

मशीनची घूं चालू होती. सगळ्या भोंग्यांतून बारीक येत होती. इतर कुणाला ऐकू येत नसंल. मला येत होती. मी बटन फिरवलं आणि मशीन बंद केलं.

बैठक असताना बंद केलं, ते त्या एकाच वेळी. ती घूं केवढी मोठी होती, हे ती थांबल्यावर कळलं. मी लोकांकडं बघत राहिलो, आता कोण निघतं ते. कुणी निघालं नाही.

वेळ झाली तसे बाबासाहेब बोलले. आवाज गेला नाही. माईकवर टिचकी मारली. काही नाही. फुंकर मारली. काही नाही. त्यांनी माईककडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मान वळवून लिंबाकडं बघितलं. त्यांच्याबरोबर सगळे वळले.

किसननं हात वर करून रामराम घातला.

आधी एक म्हातारी हसली, पदर तोंडाला लावून. मग तिच्या शेजारचा. मग सगळेच. फोटोसमोर उभं राहून, मोठमोठ्यानं नाही, पण बराच वेळ. बाबासाहेबही हसले, आणि मग त्यांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. माईक बंद, भोंगे बंद, नुसती माणसं.

हसू ओसरलं तरी मी जरा थांबलो. सवयीनं लिंबाकडं कान दिला होता. तिकडून उशिरानं काही आलं नाही. ट्रक नव्हते.

मग मशीन चालू केलं. अजून दोन भाषणं राहिली होती.